बंडप्पाच्या गाडीचा जोड

१२ जून १९६३
द्वारा ५६ ए. पी. ओ.

दादा,

वर 'तीर्थरूप' लिहिलेलं नाही आणि नमस्कारही लिहिलेला नाही. विसरलो असं समजू नका. मुद्दाम लिहिलेला नाही.

तुमचं कार्ड सोलापूरच्या पत्त्यावरून फिरत फिरत दोन महिन्यांनी इथं पोचलं. "कुठे आहेस ते कळव. आबा काळजी करतात. प्रकृतीस जपावे." संपलं. धाकट्या भावाला वर्षभरानं पत्र टाकायचं आणि त्यात एवढंच? खतवाल्या कंपनीलासुद्धा तुम्ही याहून चार ओळी जास्त लिहिता.

कुठं आहे ते सांगतो. लडाखात सडकेचं काम चाललंय, तिथं वेल्डर म्हणून लागलोय. सोलापुरात भरती निघाली होती. मशीन चालवता येतं का, एवढंच विचारलं. कुणाकडं शिकलास ते विचारलं नाही, हे बरं झालं. जागेचं नाव लिहायची परवानगी नाही, वरचे लोक काळी शाई फासतात. उंची चौदा हजार फूट. हेही खोडलं तर खोडू देत.

आबा काळजी करतात म्हणे. हे कोणते आबा? बाप असून ज्यांनी भर बाजाराच्या दिवशी "भावावर उलटलास, तोंड दाखवू नगं" म्हणून मला लोहारकीच्या दुकानातनं हाकललं, तेच ना? आणि तुम्ही भात्याशी उभे होतात. एक शब्द बोलला नाहीत.

तुम्हाला सगळं माहीत आहे, तरी पुन्हा लिहितो. तुम्ही मूग गिळून बसलात, तेव्हा कुणीतरी लिहायलाच पाहिजे. गेल्या साली फाल्गुनात बंडप्पाच्या गाडीचा आस मोडला. दोन चाकांना धरून ठेवणारा तो लोखंडी दांडा बंडप्पानं खांद्यावर घालून आपल्या दुकानात आणला. काळी काच तुम्ही डोळ्यांपुढं धरली, वेल्डिंगची कांडी तुम्ही धरली, जोड तुम्ही मारला. आठव्या दिवशी मुरुमचा बाजार करून परत जाताना ओढ्याच्या उतारावर आस तुटला, गाडी कलंडली आणि बंडप्पाची बायको दगडाबाई चाकाखाली सापडली. सोलापूरला नेऊन तिचा पाय गुडघ्याच्या वर कापला. चौतीस वर्षांची बाई.

चावडीवर कल्याणप्पा पाटलांनी विचारलं, "महारुद्र, जोड कशानं तुटला?" तुम्ही जमिनीकडं बघत बसलात. दोनदा विचारलं, तीनदा विचारलं. बंडप्पा तिथं कोपऱ्यात डोक्याला हात लावून बसला होता आणि तुमच्या तोंडातनं शब्द फुटेना. मग मी उठलो. म्हणालो, "जोड दादाचा हाय. कांड्या वल्या होत्या. ओलीच्या कोनाड्यात ठिवत्यात, म्या सांगून सांगून दमलो." यात काय खोटं होतं? सांगा! पण तुम्ही ना हो म्हणालात, ना नाही म्हणालात. त्या गप्प बसण्यानं मी गावात खोटारडा ठरलो. लोक म्हणाले, थोरल्याच्या दुकानावर डोळा ठेवून धाकटा बोलला.

तेव्हा आता एकच सांगणं आहे. तुमच्या हातानं चार ओळी लिहून पाठवा: जोड माझा होता, कांड्या ओल्या होत्या, अंबादास खरं बोलला. खाली सही करा, आणि तेच कल्याणप्पांना वाचून दाखवा. त्या दिवशी मी घरी येईन. त्याआधी मुरुमच्या मातीत पाय ठेवणार नाही. आबांना तसं सांगा.

अंबादास


३० ऑगस्ट १९६३

दादा,

मी विचारतो काय आणि तुम्ही लिहिता काय!

"पत्र पोचले. आबांना खोकला आहे. उंचावर इंजिनाला हवा कमी मिळते असे ऐकतो, तरी बारीक कांडी वापरावी व थोडा थोडा जोड मारावा. कान झाकत जा." वा! चार ओळी मागितल्या होत्या, बरोब्बर चार आल्या, फक्त त्यात माझं काहीच नाही. खाली वहिनींनी दोन ओळी घुसडल्यात म्हणून निदान कळलं, की लोक आता जोडकाम उमरग्याला नेतात, तुम्ही मशीनवर गोणपाट टाकून ठेवलंय आणि नांगराच्या फाळांना धार लावता. आणि दगडाबाईला तीनदा माप घेऊन कुबडी करून दिलीत. कुबडी करून देता येते, तोंड उघडता येत नाही.

राग आला तरी 'तुम्ही' सुटत नाही, याचाही मला राग येतो.

इथलं ऐका. मशीन आपल्यासारखंच, इंजिनावर चालणारं. पण इथं माणूस दहा पावलं चालला की कमरेवर हात ठेवून थांबतो, तशी इंजिनाचीही गत आहे. काळा धूर ओकतं. कांडी टेकवून जाळ धरला रे धरला की दबतं, जाळ विझतो आणि कांडी लोखंडाला चिकटून बसते. ती उपटायची, पुन्हा टेकवायची. वारा एवढा, की जाळाभोवतीचा धूर उडून जातो आणि जोडात भोकं पडतात. उघड्या हातानं लोखंड धरलं तर हाताचं कातडं त्याच्यावरच राहतं. पहिल्या महिन्यात मी इतक्या शिव्या घातल्या त्या मशीनला, की आबांनी ऐकल्या असत्या तर घण फेकून मारला असता.

तुमचं कार्ड आलं तेव्हा रागानं फाडणार होतो. फाडलं नाही. बारीक कांडी घेतली, दोन बोटं जोड मारला, थांबलो, पुन्हा दोन बोटं मारला. झाला. इंजिन दबलं नाही. दादा, याचा मला फार राग आला. तिकडं गोणपाटाखाली मशीन झाकून बसलेला माणूस मला इथं शिकवतो आणि मला ते ऐकावं लागतं!

आमचा मिस्त्री शरणबसप्पा म्हणून आहे, गुलबर्ग्याकडचा. अर्धं कानडी, अर्धं दखनी बोलतो. मला "मुरुमवाले" म्हणून हाक मारतो. हा माणूस कांड्यांचा डबा शेगडीपाशी वाळवतो आणि झोपताना अंथरुणात घेऊन झोपतो. मला एवढा आनंद झाला! म्हटलं, बघा, ओल्या कांडीची लोकांना केवढी धास्ती. मी मुद्दाम विचारलं, "मिस्त्री, कांडी ओली असली तर जोड तुटतो ना?" तो म्हणाला, "तुटता. लेकिन पहले फडफड करता, भोकां पडता. आंख को दिखता. तुम देखे क्या भोकां?" मी म्हटलं, आठवत नाही.

त्या दिवशीचंही एकदा लिहून ठेवतो. तुम्ही जोड मारून जेवायला घरात गेलात. दुकानात मी आणि आबा. तुम्ही हात धुऊन आलात, पाठोपाठ बंडप्पा आला. तुम्ही आसाला हात लावलात आणि विचारलंत, "इतक्यात कसा निवला?" मी म्हटलं, "वाऱ्यानं." तुम्ही माझ्याकडं बघितलंत, आबांकडं बघितलंत आणि आस उचलून बंडप्पाच्या खांद्यावर दिलात. बाकी काही झालं नाही.

चार ओळी पाठवा. या वेळी खऱ्या.

अंबादास


२६ नोव्हेंबर १९६३

दादा,

तार अकराव्या दिवशी मिळाली. आबा गेले. अकरा दिवस मी इथं जेवत होतो, हसत होतो, पत्ते खेळत होतो, आणि तिकडं आबांना जाळून तुम्ही राखसुद्धा सावडली असेल.

खोकला आहे म्हणालात. खोकला! माणूस मरायला टेकलाय हे लिहायला तुमची शाई संपली होती का? तुमची ही सवय कुठल्या देवानं दिली तुम्हाला? घर पेटलं तरी तुम्ही लिहाल, जरा ऊब वाटते आहे.

मागनं आलेल्या कार्डात लिहिलंत, "शेवटी तुझे नाव घेतले." काय घेतलं? हाक मारली, की शिवी दिली? आबांचं नाव घेणं दोन्ही प्रकारचं असायचं. ते तरी लिहायचं.

येणार कसा? खिंड बंद झाली आहे. आता मे महिन्याशिवाय गाडी जात नाही. तुम्हाला वाटेल, राग धरून आला नाही. वाटू द्या.

लहानपणी आबा लाल लोखंड चिमट्यात धरून दगडी डोणीतल्या पाण्यात बुडवायचे तेव्हाचा तो आवाज मला इथं ऐकू येतो. बर्फावर कढत चहा सांडला तरी तसाच आवाज येतो. "पाण्याबिगर लोखंड दुकानाभाईर जायाचं न्हाय," म्हणायचे. तुम्ही सोलापूरहून मशीन शिकून आलात तरी आबांनी ते सोडलं नाही. चांगलं केलं. आबांना जे येत होतं ते तुम्हाला सात जन्मांत येणार नाही.

आबा गेले म्हणजे तुम्ही सुटलात असं समजू नका. मी अजून आहे.

अंबादास


१८ मार्च १९६४

दादा,

हे पत्र तिसऱ्यांदा लिहितोय. दोन फाडली.

हिवाळ्यात सडकेचं काम बंद असतं, तेव्हा मोडकी यंत्रं दुरुस्तीला निघतात. गेल्या पंधरवड्यात बुलडोझरच्या पात्याचा हात जोडायला माझ्याकडं दिला. पातं धरून ठेवणारा जाडजूड पोलादी हात. मी उघड्यावर बसून जोड मारला. देखणा झाला होता, एक भोक नाही. काळी काच बाजूला ठेवली आणि चहाला गेलो. परत आलो तेव्हा लोखंड बर्फागत गार झालेलं. तेवढ्यात कुठंतरी बारीक 'टिच' असा आवाज आला. काच तडकल्यासारखा. इकडंतिकडं बघितलं, काही दिसलं नाही. दुसऱ्या दिवशी ड्रायव्हरनं पातं उचललं आणि हात तुटून पातं खाली आदळलं. एका मजुराच्या पायापासून वीतभर अंतरावर. वीतभर, दादा.

सगळे माझ्यावर धावून आले. मी आधी इंजिनाला शिव्या दिल्या, मग हवेला, मग कांड्यांना. शरणबसप्पा एकटाच ओरडला नाही. तो म्हणाला, "कांडी को कायकू गाली देता रे? कांडी मैं सुखाया." आणि मला आत घेऊन गेला.

ट्रकच्या कमानीचा जुना पाटा होता, त्याचे त्यानं चार तुकडे केले. दोन-दोन माझ्याकडून जोडून घेतले. दोन्ही जोड माझ्याच हातचे, एकाच डब्यातल्या कांड्यांचे. एक जोड आधी शेगडीवर तापवायला लावला, आणि मारून झाल्यावर गरम राखेत पुरून वर घोंगडी टाकली. दुसरा मारला आणि लालबुंद असताना दाराबाहेर बर्फात फेकला. 'चर्र' झालं. तो आवाज मी ओळखला. पण मी गप्प राहिलो. तुमचाच भाऊ ना.

सकाळी घण हातात दिला. राखेतल्या जोडानं सहा घाव खाल्ले, वाकला, तुटला नाही. बर्फातला पहिल्या घावाला गेला. शरणबसप्पानं तुकडा माझ्या नाकासमोर धरला. "देखो. जोड नक्को देखो, बाजू देखो." जोड जसाच्या तसा होता. त्याच्या शेजारचं लोखंड तुटलं होतं, पांढरं, खडीसाखरेसारखं चमकणारं, आणि कडेला एक काळी रेघ. म्हणाला, कडक पोलाद तापलं असताना एकदम गार केलं, की जोडाच्या बाजूला आतल्या आत चीर पडते. आठ दिवस चालेल, महिना चालेल, मग वजन आलं की जाईल. खाली मैदानात माणूस पाणी टाकून ते करतो. इथं वर वाराच ते काम करतो, म्हणून इथं जोड झाकायचा.

दादा, बंडप्पाच्या आसाचा तुकडा चावडीवर पडला होता, तो मी हातात घेऊन बघितला होता. जोड शाबूत होता. बाजूला तुटला होता. पांढरा, चमकता, कडेला काळी रेघ. मी तो माझ्या डोळ्यांनी बघितला आणि मग उठून म्हणालो, जोड दादाचा, कांड्या ओल्या.

पाणी मी टाकलं. लिहिलं एकदाचं.

तुम्ही जेवायला गेलात आणि आबा म्हणाले, "पानी दाव रं त्येला. थोरल्याला म्हशीनीचं येड लागलंय." मी डोणीतनं बादली भरली आणि तापल्या जोडावर ओतली. 'चर्र' झालं, आबा खुशीत हसले, मीही हसलो. तुम्ही मशीन आणलंत त्या पहिल्याच दिवशी आम्हा दोघांना सांगितलं होतंत, "जोडाला पानी न्हाय दावायचं. आपोआप निवू द्यायचं." आबा तेव्हा म्हणाले होते, "मग काय दूध पाजायचं?" आणि मी पोट धरून हसलो होतो. मला आबांच्या बाजूनं तुम्हाला हसायला फार आवडायचं. तुम्ही थोरले, तुम्ही सोलापूरला जाऊन शिकून आलेले, गिऱ्हाईक तुमचं नाव विचारत यायचं. आबांच्या बाजूला मात्र मी एकटा होतो.

आता आणखी लिहितो, म्हणजे काही उरायला नको. कांड्या ओल्या नव्हत्या. फाल्गुनात मुरुमात ओल कुठली, विहिरींना पाणी नसतं. जोडात भोकं नव्हती, शरणबसप्पाला मी आठवत नाही म्हणालो ते खोटं. तुम्ही विचारलंत "कसा निवला" तेव्हा "वाऱ्यानं" म्हणालो तेही खोटं. आणि आबांची तार मिळाली तेव्हा खिंड अजून चार दिवस उघडी होती. साहेब रजा देत होते. मी नको म्हणालो.

आता तुम्हाला एक विचारतो. आसाला हात लावलात तेव्हा दुकानातली जमीन ओली होती. तुम्हाला कळलं होतं की नाही? कळलं असेल तर चावडीवर गप्प का बसलात? तिथं मी उभा राहून तुमच्या तोंडावर तुम्हाला बुडवत होतो. एक वाक्य पुरलं असतं: यानं पाणी टाकलं. का नाही बोललात? दोन वर्षं मी छाती पुढं काढून हिंडतोय, की मी खरं बोललो, मी खरं बोललो! दोन वर्षं तुम्ही मला तसं हिंडू दिलंत.

हो की नाही, एवढंच लिहा. कान झाका वगैरे लिहिलंत तर पत्र न वाचता शेगडीत घालीन.

अंबादास


६ मे १९६४

दादा,

तुमचं पाकीट मिळालं. कार्ड नाही, पाकीट. दोन पानं. एवढं लिहिता येतं तुम्हाला, हे मला माहीत नव्हतं.

पहिलं पान वाचून मी बाहेर जाऊन बसलो. "कळले होते. हात लावताच कळले. आबा समोर होते, बंडप्पा उभा होता, त्याची बाजाराची गाडी अडली होती. आस परत ठेवून घेतला असता तर कारण सांगावे लागले असते. मनात म्हटले, कदाचित टिकेल. म्हणून दिला. तेव्हा चूक तुझी एकट्याची नाही. चावडीत पाण्याचे नाव काढले असते तर आबांना कळले असते की बाईचा पाय आपल्या शब्दाने गेला. सत्तर वर्षांच्या माणसाला ते सोसले नसते."

मी आजवर तुमच्यावर जेवढा रागावलो तो सगळा खोटा होता. खरा राग हे वाचल्यावर आला. तुम्हाला माहीत होतं आणि तुम्ही आस त्याच्या खांद्यावर दिलात? तुम्ही? जोड मनासारखा आला नाही तर पुन्हा फोडून मारणारे तुम्ही? आबांचं मन राखलंत, बंडप्पाचा खोळंबा वाचवलात, माझं खोटं पोटात घातलंत. सगळ्यांचं बघितलंत. दगडाबाईचं कुणी बघायचं होतं?

मी मूर्ख होतो, मला कळत नव्हतं. तुम्हाला कळत होतं. कोणाचं वजन जास्त ते मला ठरवता येत नाही, आणि तुम्हीही ठरवू नका. थोरलेपणानं जास्त वाटा उचलायला जाल, ती तुमची खोड आहे.

आबा होते तोवर समजू शकतो. आबा जाऊन सहा महिने झाले, तरी तुम्ही गप्पच. म्हणजे आता माझ्यासाठी गप्प. कुणी सांगितलं होतं? मी मागितलं होतं का? आणि दुसऱ्या पानावर लिहिता, "झाले ते झाले. आता बोलून तिचा पाय परत येणार नाही. तू घरी ये, तुझी वहिनी वाट पाहते. गोणपाट काढून मशीन पुसून ठेवले आहे."

झालं ते झालं असं तुम्ही कोण म्हणणार? मी कोण म्हणणार? ते म्हणायचं तर तिनं म्हणायचं. तिला अजून कुणी सांगितलेलंही नाही की नक्की काय झालं. तिला वाटतं, नशीब. वहिनींनीच मागं लिहिलं होतं, कुबडी घेताना दगडाबाई तुम्हाला म्हणाली, "तुमी तरी काय करनार, माझ्याच नशिबात हुतं." आणि तुम्ही मान हलवून परत आलात! कसे आलात हो?

मला तुम्ही एकदा शिवी द्या, दादा. जन्मात कधी दिली नाहीत. बाहुलीसारखा सांभाळलात, पाठीशी घातलंत, आणि मी पंचवीस वर्षांचा घोडा झालो तरी तुमच्या आडोशाला उभा राहून तुमच्यावरच दगड मारत राहिलो. एकदा तरी चिडायचं होतंत. त्या दिवशी "वाऱ्यानं" म्हणालो तेव्हा कानाखाली एक ठेवून दिली असती तर आस दुकानातच राहिला असता.

खिंड उघडली आहे. एक महिन्याची रजा मिळाली. दोन जूनला, मंगळवारी, दुपारच्या एसटीनं मुरुमला उतरतो. घरी येणार नाही. स्टँडवरून सरळ बंडप्पाच्या शेतातल्या घराकडं जाणार. तुम्ही तिथं या. वहिनींना आणू नका, कल्याणप्पांना आणू नका, चावडीचं नंतर बघू. आपण दोघंच.

आधी मी सांगेन: पाणी मी टाकलं, आणि चावडीत खोटं बोललो. आबांचं नाव मी काढणार नाही. बादली माझ्या हातात होती. मग तुम्ही सांगायचं: मला कळलं होतं, तरी आस दिला. हे तुमच्या तोंडानं सांगायचं, मी सांगणार नाही. माझं बोलून झालं आणि तुम्ही पुन्हा जमिनीकडं बघत बसलात, तर मी तिथूनच माघारी फिरेन आणि त्यानंतर मुरुमात माझा भाऊ आहे असं कुणाला सांगणार नाही.

ती ओरडेल. बंडप्पा अंगावर येईल, कदाचित मारेल. मारू द्या, मधे पडू नका, तुमच्या अंगावर येईल तेव्हा मीही पडणार नाही. समजुतीचं काही बोलू नका. नशीब म्हणाली तर मात्र लगेच सांगा, नशीब नव्हतं बाई, आम्ही होतो.

तिनं 'जा' म्हटलं की आपण घरी जाऊ. म्हटलं नाही तर दारात बसून राहू, संध्याकाळ होईपर्यंत, लागलं तर दुसऱ्या दिवशीही. माझी रजा एक महिन्याची आहे.

तुमचा
अंबादास